धुळीचा भाव

जुना दागिना मोडीला नेला, की सोनार तो तराजूत टाकतो, घट वजा करतो आणि उरलेल्या सोन्याचा भाव सांगतो. घडणावळ तिथं हिशेबात येत नाही. जुन्या मोटारीची किंमतही कितीतरी वर्षं अशीच काढली जायची. नव्यासारखी केलेली तीच गाडी कितीला जाते ते पाहायचं, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा; उरेल ती पडीक गाडीची किंमत. हिशेब सरळ होता. पण गेल्या काही वर्षांत काही मोटारींच्या बाबतीत तो पार उलटला.

फ्रान्समधले वाहतूक व्यावसायिक रॉजे बायों १९५० च्या दशकापासून जुन्या मोटारी जमवत होते. त्यांना संग्रहालय काढायचं होतं. १९७० च्या दशकात धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या. उरलेल्या गाड्या शेतावर पत्र्याच्या छपराखाली पडून राहिल्या; काहींवर वेली चढल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांतल्या ५९ गाड्यांचा पॅरिसला लिलाव झाला. लिलाव करणाऱ्या आर्तक्युरिआल या संस्थेनं त्या धुळीसकट मांडल्या. त्यांत १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती. आखूड चेसिसच्या अशा गाड्या अवघ्या ५६ बनल्या होत्या. नट आलँ देलाँ याच्याबरोबरची तिची छायाचित्रं उपलब्ध होती. गॅरेजात तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. तिचा अंदाज होता ९५ लाख ते १ कोटी २० लाख युरोंचा. ती गेली १ कोटी ६२ लाख ८८ हजार युरोंना. त्या मॉडेलसाठी लिलावातला तो तेव्हाचा विक्रम होता. लखलखीत केलेल्या तिच्या बहिणी मागं पडल्या!

याआधी २०१० मध्ये पॅरिसलाच बॉनहॅम्स या संस्थेनं १९२५ ची एक बुगाती विकली होती. ती अनेक दशकं माज्जोरे सरोवराच्या तळाशी, ५० मीटरहून अधिक खोल पडलेली होती. २००९ मध्ये पाणबुड्यांनी ती वर काढली. एक बाजू गंजून खलास झालेली. तरी ७० ते ९० हजारांच्या अंदाजाला मागं टाकून तिला २ लाख ६० हजार ५०० युरो मिळाले. घेणाऱ्या संग्राहकानं ती दुरुस्त केली नाही. कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात जशीच्या तशी ठेवली. ते संग्रहालय २०२४ मध्ये बंद झालं.

मग असा भाव ठरतो कसा? जाणकार आधी चेसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहतो. मग मालकांची साखळी: खरेदीच्या पावत्या, नोंदणीपुस्तक, जुने फोटो. मग सुटे भाग मूळचे किती आणि बदललेले किती. रंग सर्वांत शेवटी. पण तो मूळचा असेल, तर फिकट असूनही मोलाचा. कारण कारखान्यात गाडी कशी रंगवली, कातडं कसं शिवलं, याचा तोच पुरावा असतो. नवा रंग केव्हाही देता येतो, जुना पुन्हा आणता येत नाही.

मात्र प्रत्येक धुळीला हा भाव नाही. मॉडेल सर्रास मिळणारं असेल, कागद हरवले असतील, गंजानं सांगाडाच खाल्ला असेल, तर जुना वजाबाकीचा हिशेबच खरा. अनेकदा दुरुस्तीचा खर्च तयार गाडीच्या किमतीवर जातो. नीट जपलेली गाडी वेगळी आणि हेळसांड झालेली वेगळी. बायोंची फेरारी दुर्मिळ होती आणि तिची ओळख पक्की होती, म्हणून तिची धूळ महाग ठरली.

ही नजर बदलायला वेळ लागला. अमेरिकेतली पेबल बीचची मोटारस्पर्धा १९५० पासूनची. तिथं मान असे आरशासारख्या चकचकीत गाड्यांना. २०२४ मध्ये मात्र सर्वोत्तम गाडीचा मान पहिल्यांदाच एका न दुरुस्त केलेल्या गाडीला मिळाला. १९३४ ची ही बुगाती टाईप ५९ शर्यतीत धावलेली आणि पुढं बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेलेली. तिचा काळा रंग जागोजागी विटलेला होता.

आपल्याकडेही २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद हवी असेल, तर चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. तेव्हा आजोबांची मोटार गोठ्याशेजारी उभी असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी क्रमांक उतरवून घ्या, कागद शोधा, फोटो काढा आणि एखाद्या जाणकाराला दाखवा. कदाचित ती भंगारातच जायची असेल. पण एकदा पॉलिश पेपर फिरला, की तिनं साठवलेली साक्ष कुठल्याच पैशानं परत येणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)