अल्-मदनी, हाशेम

अल्-मदनी, हाशेम : (१९२८–२०१७). लेबाननमधील सैदा (सायडन) शहरातील व्यावसायिक छायाचित्रकार आणि ‘स्टुडिओ शहरजाद’चे मालक. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची अनेक दशके ते आपल्या गावच्या माणसांचे फोटो काढत राहिले. त्यांनी टिपलेल्या प्रतिमांची संख्या सुमारे पाच लाख असावी, असा अंदाज आहे. गावातल्या दहांपैकी नऊ माणसांचा फोटो आपण काढला असल्याचे ते सांगत. या दाव्याची पडताळणी करणे अवघड आहे. तरीही एका शहराच्या इतक्या चेहऱ्यांची नोंद एकाच माणसाच्या हातून झाल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

सैदा हे बैरूतच्या दक्षिणेला सुमारे ४० किमी. अंतरावर असलेले प्राचीन फिनिशियन बंदर. तेराव्या शतकातला क्रूसेडरांचा सागरी किल्ला, कोळ्यांचे बंदर, अरुंद बोळांचा जुना बाजार आणि गावाला लागूनच असलेली ऐन अल्-हिल्वे ही पॅलेस्टिनी निर्वासितांची वसाहत, असा हा परिसर आहे. मदनींचे वडील मदीनेहून येथे आले होते. ‘मदनी’ हे आडनाव त्या गावावरून पडले. कामाच्या शोधात हाशेम १९४७ मध्ये पॅलेस्टाईनला गेले आणि हैफा येथे कात्स नावाच्या ज्यू छायाचित्रकाराच्या हाताखाली काम शिकले. १९४८ च्या युद्धामुळे त्यांना सैदाला परतावे लागले. आईवडिलांच्या घरातली बैठकीची खोली हाच त्यांचा पहिला स्टुडिओ होता. त्याच्या जोडीला कॅमेरा घेऊन ते बाजारात, किनाऱ्यावर हिंडत आणि गिऱ्हाईक मिळवत. दुकानदार, कारागीर यांचे त्यांच्याच दुकानात, मालाच्या आणि अवजारांच्या मध्ये उभे राहून काढलेले फोटो याच भटकंतीतले आहेत. १९५३ मध्ये त्यांनी शहरजाद इमारतीच्या पहिल्या मजल्यावर स्टुडिओ थाटला. त्याच इमारतीत शहरजाद नावाचे सिनेमागृहही होते.

सिनेमाचा हा शेजार फोटोंत स्पष्ट दिसतो. तरुण मुले पडद्यावरच्या नायकासारखी ऐट करून उभी राहत. दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी नवरानवरीची किंवा प्रियकर-प्रेयसीची भूमिका करत आणि कॅमेऱ्यासमोर एकमेकांचे चुंबन घेत. स्त्री-पुरुषांनी असा फोटो काढून घेणे त्या समाजात जवळजवळ अशक्य होते. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या चुंबनाला मात्र हरकत नसे, असा खुलासा मदनी करत. कोडॅकच्या जाहिरातीतली पुठ्ठ्याची बाई स्टुडिओत उभी होती. तिच्या कमरेभोवती हात टाकून कित्येकांनी हौस भागवली. पुढे १९७० च्या सुमारास बंदुका घेतलेले तरुण फोटोसाठी येऊ लागले. लेबाननमधल्या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनांचा वाढता जोर इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. पण ती बंदूक खांद्यावर कशी मिरवली जात होती, हे या फोटोंतच पाहायला मिळते.

मदनी रंगीबेरंगी कल्पनांच्या मागे लागणारे नव्हते, ते धंदा करत होते. गिऱ्हाइकाला जसे दिसायचे असेल तसे दाखवायचे, चेहऱ्यावरचे डाग निगेटिव्हवर टचिंग करून काढायचे, ओळखपत्रासाठी छोटा फोटो हवा असेल तर तो द्यायचा. ३५ मिमी.चा रोल महाग, म्हणून एकाच रोलवर परस्परांशी संबंध नसलेली माणसे एकामागून एक येत. या काटकसरीशी निगडित एक प्रसंग मदनींनी स्वतः सांगून ठेवला आहे. १९५७ च्या सुमारास एका विवाहित स्त्रीने नवऱ्याला न विचारता स्टुडिओत फोटो काढून घेतले. नवऱ्याला कळले, तो संतापून आला आणि निगेटिव्ह मागू लागला. रोलवर इतरांचेही फोटो असल्याने मदनींनी तो द्यायला नकार दिला. शेवटी त्याच्या देखत तिच्या प्रतिमांवर टाचणीने ओरखडे काढण्यात आले. काही वर्षांनी, जाच असह्य होऊन त्या स्त्रीने स्वतःला जाळून घेतले. त्यानंतर तोच नवरा पुन्हा जिना चढून आला आणि हे फोटो मोठे करून मिळतील का, असे विचारू लागला. ते ओरखडे असलेले फोटो आज संग्रहालयांच्या भिंतींवर लागतात. चेहऱ्यावर आडव्यातिडव्या रेघा, आणि त्यांच्याआडून कॅमेऱ्याकडे पाहणारी तरुण बाई. मदनींच्या सगळ्या संग्रहातून एकच फोटो पाहायचा झाला, तर तो हा पाहावा.

संग्रहाचे मोल बाहेरच्या जगाला कळले ते अक्रम ज़अतारी (जन्म १९६६) या कलावंतामुळे. तेही मूळचे सैदाचेच. १९९७ मध्ये बैरूत येथे स्थापन झालेल्या अरब इमेज फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी ते एक. मदनींच्या हयातीतच त्यांनी या निगेटिव्हचा अभ्यास सुरू केला, त्यांना बोलते केले आणि फोटोमागची माणसे व कारणे नोंदवून घेतली. २००४ मध्ये लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीत प्रदर्शन भरले, तसेच लिसा ल फव्र यांच्यासह संपादित केलेले स्टुडिओ प्रॅक्टिसेस हे पुस्तक निघाले. स्टुडिओवर ज़अतारींनी ट्वेंटी-एट नाइट्स अँड अ पोएम (२०१५) हा चित्रपटही केला. लंडनच्या टेट संग्रहालयातही मदनींच्या संग्रहावरील ज़अतारींच्या प्रकल्पातील छायाचित्रे आहेत.

या प्रवासात एक अडचण उभी राहिली. गिऱ्हाइकाने पैसे देऊन, घरात लावण्यासाठी काढून घेतलेला फोटो दालनात टांगला की तो नेमका कोणाचा? कलाजगतात ही छायाचित्रे बहुधा ज़अतारींच्या प्रकल्पाचा भाग म्हणून दाखवली जातात. निवड आणि मांडणी त्यांची आहे, हे खरे. पण प्रकाशयोजना, उभे राहण्याची रीत, टचिंग हे मदनींचे, आणि कसे दिसायचे हा निर्णय बहुतेक वेळा त्या माणसाचा स्वतःचा. यातले कोणतेही नाव दुसऱ्याखाली दडपले जाऊ नये. गावाने स्वतःबद्दल काय स्वप्न पाहिले होते, ते या फोटोंत आहे. सैदाचा सामाजिक इतिहास लिहिताना त्यांना चित्रांची पुरवणी न मानता मूळ साधन मानले पाहिजे. त्यासाठी सुरुवात करणाऱ्याने स्टुडिओ प्रॅक्टिसेस हे पुस्तक आधी पाहावे. त्यात मदनींचे स्वतःचे बोलणेही आहे.