नाव इनामाचं, गाव कुणाचं?

मैत्रिणींनो, आपल्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. हीच नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमेपलीकडे दौंड तालुका लागतो.

इनाम म्हणजे राज्यकर्त्याने सारा माफ करून दिलेली जमीन. हा शब्द मूळचा अरबी, सुलतानी अमलात आपल्याकडे रुळला. म्हणजे गावाचं हे नाव काही शतकांचंच.

वस्ती मात्र फार जुनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथलं पांढरीचं टेकाड खणलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनची शंभरावर घरं उजेडात आली. चुली, धान्य साठवायच्या जागा, दळायचे पाटे सापडले. ही माणसं जव पिकवत, पाट काढून पाणी देत. एका घरात जमिनीखाली मातीच्या डबीत जपून ठेवलेली स्त्रीमूर्ती मिळाली. दगावलेली बाळं दोन मडक्यांची तोंडं जुळवून घरातच पुरलेली होती.

त्या आयाबायांनी आपल्या वस्तीला काहीतरी नाव दिलंच असणार. पण तेव्हा लिहिणं नव्हतं, म्हणून ते राहिलं नाही. इनामाचं नाव तेवढं कागदावर चढलं.

आपल्याही गावात ओढ्याला, विहिरीला, शेताच्या तुकड्याला जुनी नावं आहेत. ती म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहेत. येत्या बैठकीत त्यांना विचारू आणि गटाच्या वहीत लिहून ठेवू. घराच्या उताऱ्यावर आपलं नाव लागलंय का, तेही त्याच दिवशी पाहू.