‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’चा हिरो भारतीय रग्बीचा कारभारी कसा झाला?

राहुल बोस म्हटलं की ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’मधला शांत फोटोग्राफर आठवतो, नाहीतर ‘झंकार बीट्स’. पण सिनेमे करता करता हाच माणूस दशकभर भारताकडून रग्बी खेळला, आणि पुढे देशाच्या रग्बी संघटनेचा, म्हणजे रग्बी इंडियाचा, अध्यक्ष झाला.

राहुलचा जन्म १९६७ चा. वडील बंगाली, आणि स्वतःच्या सांगण्यानुसार तो एक चतुर्थांश महाराष्ट्रीय. शिक्षण मुंबईत, आधी कॅथेड्रल शाळा आणि मग सिडनहॅम कॉलेज. बॉक्सिंग आणि रग्बीची गोडी लावली ती आईने.

आता रग्बी म्हणजे नक्की काय? नागोठणे, पेण, रोहा या कबड्डीच्या पट्ट्यातल्या पोरांना हे पटकन कळेल. पळणाऱ्याला धरून जमिनीवर आणायचं, ही पकड दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की इथे हातात लांबुळका बॉल असतो आणि तो हाताने पुढे फेकता येत नाही, फक्त मागे किंवा बाजूला. बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ५ गुण. खेळाडू एका बाजूला १५, आणि झटपट प्रकारात ७.

खेळ भारतात नवा नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याचा इंग्रजांचा एक क्लब बंद पडला, तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक कप बनवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच ‘कलकत्ता कप’साठी भिडतात. आपल्याकडे मात्र रग्बी बराच काळ जिमखाने, क्लब आणि लष्करापुरतीच राहिली.

भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो थेट १९९८ च्या आशियाई स्पर्धेत. राहुल त्या संघात होता. तो स्क्रम-हाफला खेळायचा, म्हणजे गर्दीतून बॉल काढून मागच्यांना द्यायचा, आणि कधी उजव्या विंगला. नाक-तोंड फुटण्याची भीती असताना हिरोने हा खेळ निवडावा, हे निर्मात्यांना फार आवडलं नसणार! २००८ च्या सुमारास तो संघातून थांबला.

खेळाडू म्हणून त्याने जे पाहिलं, तीच अध्यक्ष म्हणून त्याची डोकेदुखी होती. प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून प्रेक्षक नाहीत. त्यावर उपाय म्हणून जीएमआर स्पोर्ट्ससोबत रग्बी प्रीमियर लीग आली. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघ उतरले आणि चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झला हरवून पहिला करंडक उचलला. प्रकार सात खेळाडूंचा निवडला, त्यामागे हिशेब आहे. सामना काही मिनिटांत संपतो, टीव्हीवर बघायला बरा, आणि २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये हाच प्रकार आहे. परदेशी स्टार्सच्या शेजारी खेळून आपली पोरं शिकतील, ही त्यातली दुसरी आशा.

गंमत अशी की ही पहिली लीग पुरुषांची होती आणि नाव मात्र मुली काढतायत. २०१९ मध्ये मनिलात भारताच्या महिलांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. १५ जणींच्या प्रकारातला तो त्यांचा पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय. त्या संघात ओडिशाच्या आदिवासी मुलांच्या शाळेत घडलेली सुमित्रा नायक होती, बिहारच्या बाढ गावची स्वीटी कुमारी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमधल्या राजगीरला २० वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत मुलींनी कांस्यपदक मिळवलं.

सुमित्रा आणि स्वीटी काही जिमखान्यातून आलेल्या नाहीत. भारत अजून ना रग्बी वर्ल्ड कपला पात्र ठरलाय, ना ऑलिम्पिकच्या रग्बीला. त्यामुळे राहुल बोसच्या कारकिर्दीचं मोजमाप अंधेरीत किती तिकिटं खपली यावर होणार नाही. लीगचा पैसा बाढसारख्या गावांतल्या मैदानांपर्यंत आणि मुलींच्या लीगपर्यंत पोहोचतो का, ते बघावं लागेल.