एका ग्रंथाचे अनेक पत्ते



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने महाजालावरील माहितीच्या रचनेविषयी बोलावे, हे काहींना अधिकारबाह्य वाटेल. परंतु माहिती कशी मांडावी, म्हणजे ती शोधणाऱ्याला सापडेल, हा प्रश्न संगणकाच्या पुष्कळ आधी ग्रंथपालांपुढे उभा होता. आणि त्या इतिहासात आपल्या बडोद्याचाही वाटा आहे.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले. त्यांनी ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्यासाठी वर्गीकरण सिद्ध केले. अशा सर्व पद्धतींचा पाया एकच : एक ग्रंथ, एक क्रमांक, एक फडताळ. ग्रंथ एका वेळी एकाच जागी ठेवता येतो, ही वास्तविक लाकडी कपाटाची मर्यादा. ती नकळत ज्ञानाचीच मर्यादा मानली गेली.

येथूनच प्रसिद्ध झालेला, द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ घ्या. ड्यूईच्या दशांश पद्धतीत तो ६१३.७ या शरीरस्वास्थ्याच्या वर्गात ठेवावा, की ७९६ या क्रीडेच्या? कोठेही ठेवला तरी त्या वर्गाच्या नावातून बडोदा गळालेच. (याच पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२० हा ऐसपैस वर्ग आणि मराठी साहित्य ८९१.४६ या अपूर्णांकात! जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाला तो दशांशचिन्हाचा ठिपका टोचतो.)

ही कोंडी फोडली ती मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. जोडणी बदलली की वस्तू बदलते. विषयांचेही तसेच का करू नये? १९३३ साली त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्यात विषयांची तयार यादी देण्यावर भर नाही. विषयाचे पैलू वेगळे काढावयाचे आणि चिन्हांनी जोडावयाचे. पुढे त्यांनी हे पैलू व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल अशा पाच मूलभूत कोटींत बसविले. स्थलाला स्वतःची खूण मिळाली, हे आपणा बृहन्महाराष्ट्रीयांस विशेष महत्त्वाचे.

संगणकाच्या क्षेत्रातही हाच पेच आला. प्रारंभीच्या अनेक माहितीसंग्रहांची रचना वृक्षासारखी होती. हवी ती नोंद गाठण्यासाठी कोणत्या फांदीवरून जावयाचे हे आधीच ठाऊक असावे लागे. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडले की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तिच्याकडे जाण्याची वाट तिच्यात बांधू नये. कॉडही गणिताचेच. त्यांनी रंगनाथनांपासून काही घेतले असे मी म्हणत नाही; हे साम्य विचारांचे आहे, वारशाचे नव्हे.

१९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एक टिपण सादर केले. तेथे माणसे सारखी बदलत आणि त्यांच्याबरोबर माहितीही निघून जाई. वृक्षाकार रचना खऱ्या जगाशी जुळत नाही, हे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले व दुव्यांचे जाळे सुचविले. महाजालाचा उगम तो. तरी सवय सुटत नाही! १९९४ साली सुरू झालेली याहूची निर्देशिका पुन्हा वृक्षच होती. एक वर्ग दोन फांद्यांवर दाखविण्यासाठी तिला नावापुढे वेगळे चिन्ह लावावे लागले. २०१४ अखेर ती बंद झाली. आज महाजालावरील दुकानात आपण किंमत, रंग, माप निवडत वस्तू शोधतो. ही मांडणी पैलूंचीच होय.

आपल्या शाळेची जुनी वार्षिके, छायाचित्रे व माजी विद्यार्थ्यांची पुस्तके कधीतरी संगणकावर चढतील. तेव्हा ‘मराठी’ नावाचा एकच खण करून सारे त्यात भरू नये. भाषा, विषय, प्रकार आणि काल यांचे रकाने निराळे असावेत, आणि स्थळाचे तर दोन : ग्रंथ जेथे छापला ते, आणि ग्रंथ ज्याविषयी आहे ते. बडोद्यात छापलेले पंढरपूरविषयक पुस्तक आणि पुण्यात छापलेला बडोद्याचा इतिहास, या दोहोंच्या नोंदीत ‘बडोदा’ हा शब्द येतो. पण तो एकाच रकान्यात लिहिला, तर शोधणाऱ्याला त्यांतील भेद कळावयाचा नाही.