अकराशे नव्व्याण्णव रुपयांची कट्यार

पार्सल दुपारी ऑफिसच्या गेटवर आलं. आमच्या इमारतीत वर जाणारं प्रत्येक पार्सल खालीच उघडून दाखवावं लागतं. बहुतेकांच्या खोक्यांतून चार्जर, बूट किंवा प्रोटीन पावडरचे डबे निघतात. माझ्या खोक्यातून थर्माकोल निघाला, मग बबल रॅप आणि मग कट्यार.

सिक्युरिटीवाल्या दादांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि लिहिलं, "१ नग सुरा."

"दादा, सुरा नाही, कट्यार आहे. शोभेची."

"बरं, कट्यार लिहितो. पण वर नाही न्यायची."

त्यांचं बरोबरच होतं. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या केबिनमध्ये, डब्याच्या पिशवीशेजारी पडून राहिली. मी वर बसून कोड लिहीत होतो आणि मनात एकच विचार चालू होता, की आपण नक्की विकत काय घेतलं? सुरा, कट्यार की खेळणं? हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जमलेल्या गोष्टींचा आहे.

आधी वस्तूबद्दल. वागळे इस्टेटमध्ये आयटी पार्कच्या काचांमागे अजूनही जुने गाळे आहेत. लेथ, ग्राइंडिंग, डाय-मोल्डची कामं तिथे चालतात. त्यातल्या एका गाळ्यात माझ्या बाबांचे जुने सहकारी जॉबवर्क करतात. मी त्यांना काका म्हणतो. संध्याकाळी कट्यार घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकांनी ती हातात घेऊन तोलली, मग न विचारता लोहचुंबक लावलं. पातं चिकटलं, मूठ चिकटली नाही. "मूठ जस्ताची, वरून पितळी रंग," काका म्हणाले. मग पात्याच्या कडेवर कानस फिरवली. कडक पोलादावरून कानस घसरते. इथे ती चावली. म्हणजे पातं लोखंडाचं खरं, पण त्याला पाणी दिलेलं नाही. शेवटी व्हर्निअर लावलं. पात्याची लांबी १६५ मिलिमीटर, बुडाशी रुंदी ५६ मिलिमीटर. पातं आणि मूठ दोन बारीक रिव्हेटांनी जोडलेली. "भिंतीला ठोसा मारलास तर आधी हे तुटतील," काका म्हणाले.

ठोसा हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण कट्यारीचं सगळं रहस्य त्यातच आहे. बाकीचे सुरे मुठीत उभे धरतात. कट्यारीची मूठ आडवी असते. दोन समांतर दांड्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात आणि त्यांच्यामधल्या आडव्या पट्ट्यांवर बोटं आवळली जातात. पातं थेट मुठीच्या पुढे येतं, त्यामुळे खांद्यापासूनचा सगळा जोर टोकावर एकवटतो. कित्येक जुन्या कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, कारण समोरच्याच्या अंगात साखळ्यांचं चिलखत असे आणि त्याच्या कड्या फोडायच्या असत. जमदाढ हे तिचं दुसरं नाव. यमाची दाढ.

या जमदाढीला मराठी इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या भेटीत जागा आहे, आणि तीही आपल्या बाजूने नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाने शिवाजी महाराजांवर पहिला वार केला तो जमदाढीने, असं कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. महाराजांच्या हाती त्याच बखरीप्रमाणे वाघनख आणि बिचवा होता. ही बखर १६९७ च्या सुमाराची, जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली. त्याआधीचं, खुद्द महाराजांच्या काळात रचलेलं कवींद्र परमानंदाचं शिवभारत मात्र महाराजांच्या हाती तलवार देतं. शाळेतल्या चित्रात आपण जे पाहिलं ते बखरीतून आलेलं आहे. चित्र खोटं ठरवण्याची मला घाई नाही. पण एकाच प्रसंगाच्या दोन जुन्या वर्णनांत शस्त्रं वेगळी असतील, तर एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून "हेच ते" म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं वाघनख हे याचं अलीकडचं उदाहरण. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याबद्दल करार केला, आणि जुलै २०२४ मध्ये ते तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आलं. या वाघनखाचा पुरावा म्हणजे त्याच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर. जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला कंपनीचा अधिकारी असताना पेशव्याच्या कारभाऱ्याने हे त्याला दिलं आणि याच वाघनखाने शिवाजीने मोगल सेनापतीला मारलं, असं तो मजकूर सांगतो. अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. म्हणजे चिठ्ठीतच एक चूक आहे. महाराजांनी वापरलेलं वाघनख हेच, याची खातरजमा करता येत नाही, असं खुद्द संग्रहालयच म्हणतं. इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी हाच मुद्दा जाहीरपणे मांडला, तेव्हा वाद झाला. तरी साताऱ्यात रांगा लागल्या. त्या रांगेतल्या माणसांना मी हसणार नाही. आपल्याकडे खऱ्या वस्तू इतक्या कमी उरल्या आहेत, की संशयाचा फायदा देण्याचाही मोह होतो.

कमी का उरल्या, याची कारणं मात्र कागदोपत्री नोंदलेली आहेत. १८५७ च्या उठावानंतर कंपनी सरकारने नि:शस्त्रीकरणाचा कायदा केला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी शस्त्रं द्यायला नकार दिला आणि नोव्हेंबर १८५७ मध्ये ते लढून मेले. पुढच्या मे महिन्यात नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांनी बंड केलं. त्यामागच्या कारणांत दत्तकाची परवानगी नाकारणं होतं आणि हत्यारं जमा करण्याचा हुकूमही होता. १२ जून १८५८ रोजी त्यांना बेळगावात फाशी दिलं. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला. त्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा होता आणि युरोपीय माणसाला सूट होती. घराघरांतल्या किती तलवारी आणि कट्यारी या काळात विहिरीत, भिंतीत किंवा लोहाराच्या भट्टीत गेल्या असतील, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

एका शस्त्रागाराची कहाणी मात्र ठाऊक आहे, आणि तेही मराठ्यांचंच. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावरला राज्य उभं केलं. ते पावणेदोनशे वर्षं टिकलं. १८५५ मध्ये शेवटचे राजे, त्यांचंही नाव शिवाजीच, पुरुष वारस न ठेवता वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. राजवाड्याच्या शस्त्रागारात दक्षिणेकडच्या कट्यारींचा अप्रतिम साठा होता. बोटांपुढे नक्षीदार पोलादी ढाल असलेल्या, तिच्यावर याळी आणि मोर कोरलेल्या त्या कट्यारी आज जगातल्या संग्रहालयांत काचेआड दिसतात. पण दिसतात त्या निवडलेल्या. १८६० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी मद्रासच्या संग्रहालयासाठी चांगल्या वस्तू बाजूला काढल्या, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळ शस्त्रं मोडून भंगार म्हणून विकली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राजे, लढाया वगैरे काही आठवलं नाही. मला बाबांची कंपनी बंद झाली तो महिना आठवला. मशीनं वजनावर गेली होती. ज्या लेथवर त्यांनी एकोणीस वर्षं काम केलं, त्याची किंमत भंगारवाल्याने किलोत सांगितली होती. घरी येऊन बाबा एवढंच म्हणाले होते, "बेड अजून सरळ होता रे तिचा."

आता नकलेकडे वळू. मला वाटत होतं, की नकली शस्त्र ही ऑनलाइन बाजाराची देणगी. तसं नाही. सतराव्या शतकात दख्खनमध्ये फिरंगाला, म्हणजे युरोपीय पात्याच्या तलवारीला, मोठा मान होता. परदेशी पाती आयात होत आणि त्यांना इथल्या मुठी बसवल्या जात. मोडलेलं फिरंगी पातं कापून त्याची कट्यारही केली जाई. मान आला की नक्कल आलीच. देशी लोहार आपल्या पात्यांवर युरोपीय कारागिरांचे शिक्के ठोकू लागले. त्यातला एक प्रसिद्ध शिक्का म्हणजे जर्मनीतल्या झोलिंगेनचा धावता लांडगा. गंमत अशी, की तो लांडगा मुळात पासाऊ गावच्या लोहारांचा होता आणि झोलिंगेनवाल्यांनी तो त्यांच्याकडून उचलला होता. म्हणजे आपल्याकडची नक्कल ही नकलेची नक्कल होती. पण एक फरक सांगायला हवा. त्या नकली शिक्क्याखालचं पातं खरं होतं. त्याला धार होती, पाणी होतं, आणि माणसं त्याच्या भरवशावर लढाईत उतरत.

शोभेची कट्यार वेगळी, आणि तीही जुनीच. दाबल्यावर पातं कात्रीसारखं उघडून आतून दुसरं पातं बाहेर येणाऱ्या कट्यारी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बनल्या. लढाईत त्यांचा उपयोग फारसा नव्हता, दरबारात आणि पाहुण्यांसमोर होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानच्या दालनात शस्त्रं मांडली गेली. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स इथे आला, तेव्हा संस्थानिकांनी त्याला शस्त्रांचे नजराणे दिले. कोल्हापूरची जगदंबा तलवार त्याच वेळी गेली. ज्या लोकांची हत्यारं काढून घेतली जात होती, त्यांचे राजे जडावाची हत्यारं भेट देत होते. कट्यार लढण्याच्या कामातून निघून दाखवण्याच्या कामाला लागली. आपल्या रंगभूमीलाही तिचं हेच रूप भावलं. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये ती राजगायकाला मिळणारा मान आहे, आणि तिच्याने झालेला एक खून माफ, ही त्या मानातली विषारी अट.

आज प्रतिकृतींचा जगभर धंदा आहे आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. डेहराडूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, गोरख्यांसाठी कुकऱ्या बनवत सुरू झाली. आज ती परदेशी सैन्यांच्या समारंभी तलवारींपासून चित्रपटांतल्या शस्त्रांपर्यंत सगळं घडवते. इंग्लंडच्या विल्किन्सन सोर्डने २००५ मध्ये तलवारी बनवणं थांबवलं. ज्यांनी आपली हत्यारं मोजून नेली, त्यांच्या हत्यारांच्या प्रती आता आपण बनवतो. माझी कट्यार मात्र त्या दर्जाची नव्हे. अकराशे नव्व्याण्णव रुपयांत पाणी दिलेलं पोलाद मिळत नाही.

आता सिक्युरिटीच्या दादांचा प्रश्न. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती, उद्योग यांच्यासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. माझ्या कट्यारीची लांबी साडेसहा इंच, पण रुंदी ५६ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांच्या वर. कट्यारीची जातच बुडाशी रुंद, त्यामुळे ती या मापात सहज अडकते. अशा हत्यारांना परवाना सरसकट सगळीकडे लागत नाही. जिथे सरकारने तशी अधिसूचना काढली आहे तिथे लागतो. शिवाय पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात, तेव्हा सार्वजनिक जागी शस्त्र बाळगून फिरण्यावर बंदी असते. आणि याच कायद्यात एक सूट आहे. खेळणं म्हणूनच ज्याचा उपयोग होऊ शकतो आणि ज्याचं रूपांतर खऱ्या हत्यारात करता येत नाही, ते शस्त्र धरलं जात नाही.

रूपांतर करता येत नाही, हे कोण ठरवणार? मी काकांना विचारलं. काकांनी ग्राइंडरकडे पाहिलं. "धार? दहा मिनिटांत लावून देतो. फार टिकणार नाही, पण लागेल. लावू?"

मी नको म्हणालो. पण माझी कट्यार खेळणं आहे हा माझा बचाव तिथेच संपला. जानेवारी २०१९ मध्ये डोंबिवलीत फॅशनच्या वस्तूंच्या एका दुकानातून गुन्हे शाखेने १७० हत्यारं जप्त केली होती. तलवारी, चॉपर, खटक्याचे चाकू. आमच्यापासून लोकलने अर्ध्या तासावर. तेव्हा मला ती बातमी चमत्कारिक वाटली होती. आता वाटत नाही. मीही तसाच एका बटणावर बोट ठेवून, मापं न वाचता, महाराजांच्या नावाने भरलेल्या जाहिरातीखालून हत्यारासारखं काहीतरी मागवलं होतं.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला, त्याचा छोटा समारंभ यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत इथेच, वागळे इस्टेटमध्ये झाला. साठ वर्षं इथे लोखंडाला आकार देणारी माणसं राहिली. त्यातल्या एकाला माझी कट्यार पाहून तिचं मोल दोन मिनिटांत कळलं. मला ते कळायला तीन महिने आणि बरीच पुस्तकं लागली.

कट्यार आता घरी आहे. पुतण्या चार वर्षांचा आहे, म्हणून ती पुस्तकांच्या कपाटात काचेआड, वरच्या फळीवर ठेवली. शेजारी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आहे. त्यावर मी लिहिलं: "प्रतिकृती. पातं लोखंडी, पाणी न दिलेलं. मूठ जस्ताची. कोणाचीही नव्हे, कुठल्याही लढाईतली नव्हे." बाबांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग म्हणाले, "वजनही लिही." मी स्वयंपाकघरातला काटा आणला. ४१० ग्रॅम. तेवढं पुठ्ठ्यावर वाढवलं.