महावीर उद्यानातला पोलिश स्तंभ

शिरवळहून कोल्हापूरला माझे जाणे नेहमीचे. पण महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ मी कित्येक वर्षे नुसता पाहून पुढे जात असे. तो १९९८ मध्ये उभारला, वळिवड्याच्या छावणीत लहानाचे मोठे झालेल्या पोलिश मंडळींनी. कोल्हापूरने दिलेल्या आसऱ्याचे ते ऋण.

आसऱ्याची गोष्ट आपल्याला आवडते, कारण तीत आपण चांगले दिसतो. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका-मुले. बराकी, शाळा, चर्च. ती आली कुठून, असे विचारले की उत्तर मिळते, ‘युद्धामुळे’. हा शब्द फार सोयीचा आहे.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये घुसले. फेब्रुवारी १९४० पासून तिथली कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे धाडली गेली. त्याच वसंतात कॅटिनचे जंगल आणि इतर ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यांत लष्करी अधिकारी होते, पोलीस होते, डॉक्टर आणि शिक्षकही होते. त्यांच्या बायकामुलांची एप्रिलमध्ये कझाकस्तानात रवानगी झाली. जर्मनीने १९४१ मध्ये रशियावर हल्ला केला, तेव्हा कुठे या लोकांना मोकळीक मिळाली. १९४२ मध्ये जनरल आन्डर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो जण इराणात उतरले. कितीतरी जण भुकेने आणि टायफसने वाटेतच गेले. उरलेल्यांपैकी काही वळिवड्याला आले.

कॅटिनची कबुली मॉस्कोने दिली ती १९९० मध्ये. तोवर दोष जर्मनांच्या माथी. युद्धानंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघातच राहिला, त्यामुळे छावणीतल्या अनेकांना परतायला गावच उरले नाही. कोणी इंग्लंड गाठले, कोणी ऑस्ट्रेलिया. कम्युनिस्ट पोलंडमध्ये तर हे उघड बोलायची सोय नव्हती. कोल्हापूरचा दगड इतक्या उशिरा उभा राहिला, त्यामागे हेही असावे असे मला वाटते.

आर्मेनियाच्या येरेवानमध्ये १९१५ च्या संहाराचे स्मारक १९६७ साली झाले. बारा प्रचंड शिळा एका ज्योतीभोवती झुकलेल्या आहेत. तिथे मान खाली जाते ती मेलेल्यांसाठी. आपल्या बागेत आपण मान वर करून आपलेच कौतुक वाचतो. दोष दगडाचा नाही. पाहुण्याने यजमानाच्या अंगणात आपले मढे उघडे केले नाही, एवढेच.

वळिवड्यातही २०१९ मध्ये स्मृतिस्तंभ झाला. पोलिश लोक गेले आणि फाळणीत सिंध सोडून आलेली माणसे त्याच बराकींत राहायला आली. तेच आजचे गांधीनगर. घरातल्या लग्नाचा बस्ता आम्ही तिथेच बांधला. दुकानदाराने चहा पाजला, भावात थोडे सोडलेही. त्याचे आजोबा कुठून आले, हे मी त्याला विचारले नव्हते.