प्रेम शिकवणारी पुस्तके

प्रेम, विरह, हुरहूर ही उपजत असतात, ती कोणी शिकवावी लागत नाहीत, असे आपण मानतो. इतिहास थोडे निराळे सांगतो. कोणती भावना बोलून दाखवावी आणि कोणती मनात ठेवावी, हे प्रत्येक पिढी शिकते. सुशिक्षित पिढी तर पुष्कळदा पुस्तकांतून शिकते.

रशियाचे उदाहरण घ्या. १७९२ साली करमझिनची 'बिचारी लिझा' ही कथा प्रसिद्ध झाली आणि नायिकेने जीव दिला ते मॉस्कोजवळचे तळे पाहायला वाचक जाऊ लागले. पुढे १८०१ साली आंद्रेई तुर्गेन्येव्ह (कादंबरीकार तो वेगळा) या तरुणाने मित्रांसह साहित्यमंडळ काढले. गटेच्या 'वेर्टर'चे भाषांतर ही मंडळी करीत होती. आपल्याला तसे खरे प्रेम करता येईल का, ही शंका त्याला रोजनिशीत छळते. १८०३ साली, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी तो वारला.

आपल्या गायकवाडीची कथाही याच जातीची आहे. २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यात जन्मलेले माधवराव पटवर्धन फारसी आणि इंग्रजी काव्यावर पोसले. 'ज्यूलियन' हे टोपणनाव त्यांनी इंग्रजी वाचनातूनच उचलले. 'विरहतरंग' आणि 'गज्जलांजली'तून त्यांनी मराठी मध्यमवर्गाला प्रेमाची नवी बोली दिली. तिची किंमतही मोजली: एका विद्यार्थिनीशी असलेल्या स्नेहावरून वादळ उठले आणि त्यांना पुण्यातली प्राध्यापकी सोडावी लागली. गुजरातीत त्यांच्याआधी लाठीचे राजे कलापी (१८७४–१९००) याच वाटेने गेले होते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. पुढे वाचनालये खेडोपाडी पोचली.

याचा पडताळा मला आमच्या पादरा येथील घरातच मिळतो. आजोबा वहिवाटदार कचेरीत कारकून होते. फिरतीवरून ते पत्र लिहीत ते वडिलांना, मोडीत. आजीचा उल्लेख 'घरची मंडळी' एवढाच. माझे वडील मात्र आईला थेट लिहीत, बाळबोधीत, नावाने, आणि 'करमत नाही' असे स्वच्छ कबूल करीत. आजोबांचे प्रेम कमी होते, असे मला वाटत नाही. ते कागदावर उतरवण्याची रीत त्यांना कोणी दिली नव्हती.

आमची नातवंडे रुसतात गुजरातीत आणि प्रेम व्यक्त करतात इंग्रजीत. त्यात मला वावगे दिसत नाही. ज्यूलियनांची बोलीही उसनीच होती. खंत वेगळीच आहे. आजोबांची मोडी घरात कोणालाच येत नाही, आणि वडिलांची बाळबोध पत्रेही ही मुले अडखळत वाचतात. आणखी एका पिढीने ती नुसती रद्दी होतील. वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर असा गठ्ठा सापडला, तर तो परत बांधून ठेवण्याआधी मुलांना जवळ बसवा आणि दोन पत्रे मोठ्याने वाचून दाखवा.